पाणसळ

जुन्या गाडीत आधी नाकाने शिरावं. डोळ्यांना नवा रंग फसवतो, कानांना विकणाऱ्याचं बोलणं फसवतं. वासाला अजून खोटं बोलता आलेलं नाही. बंद काचांआड साचलेल्या उन्हाचा वास, तापलेल्या रेक्झिनचा, डिझेलचा, कुठल्याशा यात्रेत सांडलेल्या लोणच्याच्या खाराचा, भिजून नीट न वाळलेल्या गादीचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी, धरू जाता निसटणारा, माणसांचा. धुळ्यात हायवेच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांची दारं उघडत मी चालले होते. चैत्राचं ऊन पत्र्यापत्र्यावरून उसळत होतं, दूर लळिंगच्या किल्ल्याची कड धुरकट होऊन आभाळात मिसळली होती, आणि प्रत्येक दाराशी थबकून मी एक श्वास आत घेत होते, कारण त्यांतल्या एकीत मला राहायला जायचं होतं.

फिरायला नव्हे. राहायला.

"काकू, व्हॅनिटी पाहिजे का? पिक्चरवाल्यांची असते तशी?" गाडीबाजारातला पोरगा विचारतो. इकडे अशा गाडीला व्हॅनिटीच म्हणतात. कॅराव्हॅन किंवा मोटरहोम म्हणणारा एखादाच. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून लोकांच्या मनात चकचकीत, काळ्या काचांची, नदीकाठी छत्री उघडून उभी राहिलेली गाडी असते, आणि त्या गाडीतली माणसं चार दिवसांनी आपापल्या घरी परतणारी असतात. परतायचं नाहीच, गाडी हेच घर, असं मी म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग ह्यांच्याकडे. मुलांशी पटत नाही का, हा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत येतो आणि आमच्या पांढऱ्या केसांकडे बघून मागे फिरतो.

हे मालगाडीचे गार्ड होते. नोकरी भुसावळला, म्हणजे आयुष्य खंडव्याला, बडनेऱ्याला, मनमाडला, इगतपुरीला. रात्री-अपरात्री कॉलबॉय दार वाजवायचा, हे अंधारातच बूट चढवायचे, डबा घ्यायचे, आणि मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमधल्या लोखंडी बाकावर, हिरव्या-तांबड्या दिव्याच्या सोबतीने निघून जायचे. मी क्वार्टरमध्ये. यार्डातल्या शंटिंगचे धक्के भिंतींतून अंथरुणात यायचे. डब्यावर डबा आदळत दूरदूर जाणारा तो आवाज इतका अंगात मुरला होता की तो थांबला की मला जाग यायची. गाडीचं इंजिन सगळेच बघतात. मी खिडकीशी उभी राहून मागचा लाल दिवा बघायचे, तो लहान होत होत अंधाराचा एक कण होईपर्यंत. त्या दिव्यामागे एक खोली होती. चालती खोली. तिच्यातून वाघूर नदी दिसत असणार, तापीचं चांदण्यातलं पात्र दिसत असणार, पुलावर चाकांचा आवाज पोकळ होऊन पुन्हा भरत असणार. आणि मी एका नंबरच्या क्वार्टरमधून दुसऱ्या नंबरच्या क्वार्टरमध्ये, सरकारी चुन्याच्या भिंतींना आपलं म्हणत, त्यांत खिळा ठोकायला बिचकत, दूध नासू नये, पाणी भरलेलं असावं, पोरांची शाळा चुकू नये, एवढं सांभाळत बसलेली.

हे जात होते. मी होते.

आता फासे उलटे पडलेत. ह्यांना खुर्ची टाकून सावलीत बसायचंय. "जन्मभर हललो गं, आता स्थिर बसू दे," हे म्हणतात. "जन्मभर बसले, आता हलू द्या," मी म्हणते. जळगावच्या भाड्याच्या घरात या दोन वाक्यांची पुष्कळ दिवस रस्सीखेच चालली. शेवटी एक दिवस चहाचा कप खाली ठेवत हे म्हणाले, "ठीक आहे. पण गाडी मी बघणार. चाकाला कान लावल्याशिवाय पैसा द्यायचा नाही."

त्या दिवसापासून ह्यांच्या पिशवीत एक छोटी हातोडी असते. भुसावळला गाडी लागली की टीएक्सआरची, म्हणजे तपासणीची, माणसं हातोडी मारत डब्यांच्या कडेने चालत जायची. निरोगी चाक लांबवर निनादतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. हे तसेच गाडीखाली वाकतात, कमरेला हात लावत, पाट्यांवर, यू-बोल्टवर, चेसिसवर हलकेच ठोकतात आणि डोळे मिटून ऐकतात. मग लोहचुंबकाचा तुकडा पत्र्यावरून फिरवतात. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी. आणि पुट्टीखाली कुणाचा तरी आक्रोश केव्हाचा चोपून गुळगुळीत केलेला. इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडतात आणि वर तळहात धरतात: बॅक मारतंय का. विकणारा मागे उभा राहून त्याचं म्हणत असतो, सिंगल हॅन्ड गाडी आहे, इंजिन खोललेलंच नाही, पासिंग मारून देतो, टायर नव्वद टक्के. हे टायरच्या कडेवरचे चार आकडे चष्मा वर करून वाचतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "टायर नव्वद टक्के आहेत भाऊ, पण म्हातारे झालेत." भाऊ हसतो. हसण्यात सौदा थोडा खाली उतरतो.

ही कला मला नवी नव्हती. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून मी सारंगखेड्याची यात्रा बघितलेली. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. मार्गशीर्षातली गार हवा, घोड्यांच्या घामाचा आणि ओल्या गवताचा उबदार दर्प, नालांखाली उडणारी बारीक पांढरी धूळ. विकणारे बोलत असायचे. घेणारा गप्प राहून घोड्याचे दात बघायचा, खूर उचलून बघायचा, अंगावरचे भोवरे शोधायचा. देवमण कुठे आहे, अपशकुनी भोवरा केसांत दडलाय का. गुरांच्या बाजारात तर दोन हात उपरण्याखाली जायचे आणि भाव बोटांनी ठरायचा. वरचे चेहरे कोरे, खाली बोटं बोलताहेत. वडील म्हणायचे, जनावराच्या अंगावरून हात फिरव, त्याला कसं वागवलंय ते कातडीच सांगते. गाडीच्या सीटवरून, दाराच्या कडीवरून, खिडकीच्या रबरावरून हात फिरवताना मी तेच शोधत होते. ती किती धावली हे मीटरवर असतं, आणि मीटर मागे फिरवता येतं. तिला कुणी कसं वागवलं, हे मागे फिरवता येत नाही.

जळगावला अजिंठा चौफुलीच्या गॅरेजांमधून आम्ही हिंडलो. ग्रीसने काळी झालेली माती, वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या, पत्र्यावर पडणाऱ्या लाकडी हातोड्यांचा ताल, आणि मधूनच कुणाच्या तरी मोबाइलमधून येणारं अहिराणी गाणं. शाळेची पिवळी बस दाखवली कुणी; सीटच्या पाठींवर कंपासच्या टोकाने कोरलेली नावं तशीच होती, आणि त्या नावांवर आपण पलंग टाकणार या कल्पनेने मीच हसले. लग्नाच्या वऱ्हाडांची ट्रॅव्हलर दाखवली. तिच्या फटींतून अजून अक्षता निघत होत्या. एक जुनी रुग्णवाहिका होती, स्वच्छ, पांढरी, इंजिन उत्तम, ह्यांच्या हातोडीला चोख उत्तर देणारी, भावही आमच्या आवाक्यातला, आत पाण्याची टाकी बसेल, ओटा बसेल, आडवं झोपायला तर ती जन्मालाच आलेली. मी आत चढले, छताखालच्या लोखंडी दांडीवर हात टेकवला, आणि किती जणांनी ही दांडी बघत श्वास मोजले असतील असं मनात आलं.

खाली उतरले.

आणि पत्रा. खान्देशात घर ही मुळात उन्हाशी केलेली तडजोड आहे. आमचं सासरचं घर धाब्याचं: जाडजूड मातीच्या भिंती, लाकडी कड्यांवर मातीचा थर, बाहेर ऊन कडाडत असताना आत माठाजवळची ओल. रात्री त्याच धाब्यावर अंथरुणं पडायची, आणि दिवसभर तापलेली माती पाठीखाली हळूहळू निवत जायची, शेवटच्या प्रहरी गोधडी ओढून घ्यावी लागायची. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याची गाडी आणि भट्टी यांत फरक उरत नाही. दुपारी आतल्या स्टीलच्या वाटीलाही हात लावता येत नाही. गाडीबाजारात सगळे यावर एसीचा उपाय सांगतात. मला दुसरा सुचला होता. घर तापलं तर घर उचलायचं. सातपुड्यात तोरणमाळला न्यायचं, यशवंत तलावाच्या काठी लावायचं, सागाची पानं गळून गेलेल्या रानातून येणारा वारा खिडकीत बसू द्यायचा, आणि पावसाची पहिली सर घेऊन खाली उतरायचं. ऋतू आपल्या घरी येतात हे इतकी वर्षं पाहिलं. आता आपण ऋतूंच्या घरी जायचं.

हा शोध आपलाच, असं वाटण्याचा आनंद फार टिकला नाही. साक्री-शिंदखेड्याच्या माळावरचे ठेलारी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. मेंढरांचा राखाडी लोंढा पुढे, मागे घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी, कोकरू, कधी झोपलेलं लेकरू. चारा संपला की मुक्काम संपला. चाळीसगावकडच्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांवर सहा महिन्यांचा अख्खा संसार रचलेला असतो, आणि उसाच्या फडाशेजारची कोपी हेच त्यांचं घर. आणि गाडी लोहार. चितोड पडलं 1568 साली. चितोड परत मिळेपर्यंत छपराखाली झोपायचं नाही, गाडीतच राहायचं, अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असं त्यांची परंपरा सांगते. 1955 मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडच्या किल्ल्यात नेलं. शपथ सुटली. गाड्या लगेच सुटल्या नाहीत.

पारोळ्याच्या रस्त्याला एका निंबाखाली त्यांच्यातली एक बाई ऐरणीवर घण घालत होती. नवरा सांडशीत तापलेलं पोलाद फिरवत होता, ती दोन्ही हातांनी घण उचलून नेमका तिथेच टाकत होती, आणि प्रत्येक घावाला तिच्या चांदीच्या कड्यांचा एक बारीक आवाज मागे उरत होता. मी एक उलथनं घेतलं. कुठे चाललात, तिने विचारलं. मी सांगितलं. गाडीत राहणार, कायमचं, हौसेने. तिने घण खाली ठेवला, कपाळावरचा घाम दंडाला पुसला आणि आमच्याकडे नीट बघून घेतलं. घरकुल मिळायचं तर आधी जागा दाखवा म्हणतात, ती म्हणाली, आणि जागा असती तर घरकुल कशाला मागितलं असतं. मग ती हसू लागली, मोकळं, दात दाखवून.

"उलटंच आहे बाई तुमचं!"

ते हसणं बरोबर घेऊन मी पुढचे कित्येक दिवस फिरले. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा केला आणि फिरत्या जमातींमधल्या कितीतरी माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, पण पाल ठोकलेल्या माणसाकडे गाव अजून तिरकंच बघतं. आमच्या गाडीकडे कुणी तसं बघणार नाही. कडेला गाडी लावली तर लोक कौतुकाने येतील, आत डोकावतील, काकू कमाल आहे म्हणतील, पाणी भरून देतील. चाकं त्यांचीही, चाकं आमचीही. आमच्या खिशात पेन्शन आहे, बँकेचं पासबुक आहे, आजारी पडलो तर कुठल्या दवाखान्यात जायचं हे ठाऊक आहे, आणि नकोसं झालं तर परतायला एक दार आहे. ज्याला परतता येतं त्याच्या भटकण्याला लोक प्रवास म्हणतात. हे कळल्यावर माझी हौस कमी झाली नाही. तिचा आवाज मात्र खाली आला.

धुळ्याने अशी फिरती माणसं पुष्कळ पाहिलीत. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडले; कुणाच्या माळ्यावरचं, कुणाच्या बळदातलं, वाळवी लागायच्या बेतातलं दप्तर मिळवण्यासाठी. ओल्या-कुबट कागदांचा तो वास त्यांना लांबून येत असेल. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात वारले, आणि त्यांनी जमवलेले कागद त्यांच्या नावाच्या मंडळात इथेच स्थिरावले. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलायचे, आणि साने गुरुजी ते उतरून घ्यायचे. चार भिंतींच्या आत उमललेले तेच विनोबा 1951 मध्ये पायी निघाले ते वर्षानुवर्षं चालतच राहिले, रोज नवं गाव, रोज नवं अंगण. मला या दोघांत राजवाडे जवळचे वाटतात. विनोबांच्या झोळीत काही साठायचं नाही. राजवाड्यांचं साठायचं, आणि साठलेल्याला कपाट लागतं. मी साठवणारी बाई आहे.

गाडी अखेर देवपुरात सापडली, एका बंगलीच्या आवारात, शेवग्याखाली. एमएच-18 ची ट्रॅव्हलर, छताला पांढरा रंग, वर सौर पॅनेल, आरसीवर आतल्या बदलांची रीतसर नोंद. ही नोंद बघून ह्यांच्या भुवया खाली आल्या, कारण आरटीओला न विचारता आतून गाडी पार बदलून बसलेले लोक आम्हाला जागोजाग भेटले होते. मालक-मालकीण आमच्याहून थोडे वडील. मालकांना काचबिंदूने गाठलं, आता स्टिअरिंग धरता येत नाही. दार उघडलं आणि मी सवयीने श्वास घेतला. कापूर, हिंग, उन्हात वाळवलेल्या चादरी. खाली कुठेही कुबट नाही.

मग त्या ताई मला घर दाखवू लागल्या. कप्प्यातल्या स्टीलच्या डब्यांमध्ये जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घातल्या होत्या, खडबडीत रस्त्यावर डब्याला डबा लागून वाजू नये म्हणून. खिडक्यांची रबरं खोबरेल लावून मऊ ठेवलेली. फ्यूजच्या पेटीत प्रत्येक फ्यूजखाली कागदाचा कपटा, त्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात: पंखा, पंप, ओट्यावरचा दिवा, आणि सगळ्यात शेवटी, देव. सगळी गाडी अंधारात गेली तरी समईच्या जागचा तो इवला दिवा स्वतंत्र तारेवर चालू राहावा अशी सोय. "पावसाळ्यात हे दार फुगतं हं," त्या म्हणाल्या. "खालून जरा उचलून लोटायचं. जोर करायचा नाही, त्याला राग येतो." गाडी विकताना तिचे रुसवे सांगणारं माणूस आम्हाला सगळ्या बाजारात भेटलं नव्हतं. बाहेर हे पाट्यांवर ठोकत होते. आवाज आत येत होता, स्वच्छ, लांबणारा.

मी ओट्यावरून हात फिरवला. दोन बर्नरची शेगडी, खाली छोटा सिलिंडर, तवा उभा ठेवायला खाच. वांगं भाजता येईल, कळण्याची भाकरी थापता येईल. खापर बसणार नाही. उलट्या खापरावर, हातभर पसरलेले पुरणाचे मांडे या छताखाली कधी व्हायचे नाहीत. आणि कानबाईचे रोट तर नाहीतच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, आणि रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून घेतात. नोकरीमुळे हे नसले तरी ह्यांच्या नावाची मूठ पडायची, तान्ह्या मुलाच्या नावाचीही पडायची. दळायचं आम्ही, भाजायचं आम्ही. आमच्या नावाची मूठ मात्र नसे. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या अरुंद ओट्यापाशी, परक्या बाईच्या डब्यांसमोर उभी असताना, का कोण जाणे, वाटलं.

ड्रायव्हरच्या सीटमागे, ओट्याच्या कडेला, गवंड्याची पाणसळ स्क्रूने घट्ट बसवलेली होती. पिवळसर द्रवातला तो बुडबुडा शेवग्याच्या सावलीत थरथरत होता.

"संध्याकाळी गाडी लावली की आधी हिच्याकडे बघायचं," ताई म्हणाल्या. "बुडबुडा मधोमध पाहिजे. नाहीतर बेसिनचं पाणी निघत नाही, कढईतलं तेल एका कडेला जातं, आणि रात्रभर माणूस झोपेत घसरत राहतं." मग त्यांनी सीटखालून लाकडाच्या पाचरी काढून दाखवल्या, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या, कुठल्या चाकाखाली कुठली, हे बोटांना पाठ असलेल्या. ते खाली उतरून पाचर सारायचे, त्या आतून सांगायच्या, अजून थोडं, अजून, बस. बद्रीनाथच्या वाटेवर, रामेश्वरला, कच्छच्या रणाजवळ, जिथे जिथे रात्र झाली तिथे तिथे आधी हे. मग चहा.

मी बघत राहिले. गवंडी घराचा पाया एकदा घालतो आणि नंतर तो कुणाला आठवतही नाही. इथे तो रोज घालायचा, रोज उचलायचा, आणि उद्या नव्या मातीवर पुन्हा. पण क्वार्टरमधली माझी ती सगळी वर्षं दुसरं काय होती? ह्यांच्या ड्यूटीच्या वेळा, पोरांचे ताप, सासूबाईंचं येणं-जाणं, महिनाअखेरचे पैसे. रोज घर एका बाजूला कलायचं आणि रोज कुठल्या तरी चाकाखाली पाचर सारून मी ते सपाटीला आणायचे. कुणाला जाणवायचं नाही, कारण सपाट असलेलं कुणालाच जाणवत नाही. मी थांबून राहिले होते असं इतकी वर्षं समजत आले. मी घर चालवत होते. लाल दिव्यामागच्या त्या खोलीइतकीच माझीही खोली चालत होती, रात्रभर, अंधारातून.

बाहेर हे हातोडी पिशवीत ठेवत म्हणाले, "अगं, वाजते चांगली."

इसार दिला. मग आरटीओच्या कामाचा एजंट कागद घेऊन बसला. 29 नंबरचा फॉर्म, 30 नंबरचा फॉर्म. घेणाऱ्याचं नाव. घेणाऱ्याचा पत्ता.

"इथे काय लिहू, काकू?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जळगावचं भाड्याचं घर महिनाअखेरीस सोडायचं होतं. एजंट सबुरीने समजावू लागला. मोटार वाहन कायदा 1988 चा. माणूस जिथे राहतो, गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, तिथल्या आरटीओकडे नोंद. पत्ता बदलला की 30 दिवसांत कळवायचं. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. जी गाडी कुठेच ठेवायची नाही म्हणून आम्ही घेत होतो, ती नेहमी कुठे ठेवली जाते, असं कायदा विचारत होता. आणि जे घर आम्ही विकत घेतलं होतं, त्याच्याच कागदावर दुसरं घर मागत होता. निंबाखालची ती बाई आठवली. जागा असती तर. तिच्यापाशी गाडी होती, पिढ्यांची, पण या रकान्यात लिहायला काही नव्हतं. आमच्यापाशी होतं. अमळनेरजवळ, बोरीकाठी, धाब्याचं, अर्धवट ढासळलेलं, दीर-जावेच्या जिवावर उभं असलेलं. इतक्या वर्षांत मी ज्याच्याकडे पाहुणीसारखी गेले आणि पाहुणीसारखी परतले.

मी जाऊबाईंना फोन लावला. गाडी घेतल्याचं सांगितलं. पलीकडे म्हैस हंबरली, बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घर चाकस्वर? आनि आते कथा ऱ्हाशात तुम्ही?"

"सगळीकडे. पण कागदावर तुमच्याकडे. घराचा पत्ता देऊ का गाडीला?"

"दे ना. ईचारानं काय त्यामा? तुन्हंच घर शे." मग त्या हसल्या. "पन श्रावणमा रोटस्ले यावं लागी. जथा व्हशात तथाईन. गाडीना नावनी बी एक मूठ टाकसू मी."

एजंट पेन उघडं धरून बसला होता. हे खिडकीतून गाडीकडे बघत होते.

"गाडीच्या नावाची नको, ताई," मी म्हटलं. "माझ्या नावाची टाका."

जाऊबाई गप्प झाल्या. त्या घरात माझ्याआधी आलेल्या, माझ्यापेक्षा जास्त रोट भाजलेल्या. मला वाटलं, त्यांना आवडलं नाही. देवाची रीत; माझं बोलणं जरा पुढेच गेलं.

"दोन टाकसू," त्या म्हणाल्या. "एक मन्ही बी."